सुवासाची पारख

फ्रान्स देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्प्स पर्वताच्या रांगा भूमध्य समुद्राकडे उतरत जातात तेथे, प्रोव्हान्स नावाचा प्रांत आहे. या प्रांताचा वरचा भाग डोंगराळ, खडकाळ आणि कोरडा आहे. चुनखडीच्या त्या जमिनीत धान्याचे पीक जेमतेम येते. उन्हाळ्यात ओढे आटतात आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा झोंबरा वारा झाडांना फारसे वाढू देत नाही. अशा या रुक्ष भूमीवर एक लहानसे झुडूप मात्र आनंदाने वाढते. त्याची उंची गुडघ्याएवढी. पाने बारीक आणि करड्या-हिरव्या रंगाची. जुलै महिन्यात त्याच्या प्रत्येक काडीच्या टोकाला निळसर जांभळी मंजिरी येते. त्या मंजिरीवरून नुसता हात फिरवला तरी हाताला एक मंद, स्वच्छ सुवास लागतो आणि तो बराच वेळ टिकतो. हे झुडूप म्हणजेच लव्हेंडर.

लव्हेंडर हे आपल्या तुळशीचे भाऊबंद होय. तुळस, पुदिना, सब्जा आणि लव्हेंडर या सर्वांना वनस्पतिशास्त्रज्ञ एकाच कुळात घालतात. चौकोनी देठ, समोरासमोर येणारी पाने, दोन ओठांसारखी उघडणारी लहान फुले आणि चुरडताच दरवळणारा वास ही या कुळाची ओळख आहे. तुळशीच्या मंजिरीशी ज्याचा परिचय आहे, त्याला लव्हेंडरची मंजिरी अगदीच परकी वाटणार नाही.

हा सुवास फुलाच्या पाकळ्यांत असतो, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती निराळी आहे. पाकळ्यांच्या बुडाशी जांभळट रंगाची एक बारीक, उभ्या खाचांची नळी असते. शास्त्रीय भाषेत तिला निदलपुंज म्हणतात. या नळीच्या खाचांमध्ये अत्यंत सूक्ष्म ग्रंथी असतात आणि भिंगातून पाहिले असता त्या दवबिंदूंसारख्या चकाकतात. सुगंधी तेल साठलेले असते ते या ग्रंथींत. त्यामुळे पाकळ्या गळून पडल्या, मंजिरी वाळून काडीसारखी झाली, तरी वास नाहीसा होत नाही. वाळलेल्या फुलांची जुनी पुरचुंडी बोटांनी चुरली, की आजवर न फुटलेल्या ग्रंथी फुटतात आणि सुवास पुन्हा ताजा होतो. झुडपाने हे तेल माणसाच्या सोयीसाठी साठवलेले नाही, हे सांगावयास नकोच. पाने कुरतडणाऱ्या किडींना आणि चरणाऱ्या जनावरांना दूर ठेवणे हे त्याचे एक मुख्य काम आहे.

माणसाने मात्र या तेलाचा उपयोग फार पूर्वीपासून करून घेतला. लव्हेंडर हे नाव 'धुणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आले, असे अनेक विद्वान मानतात. 'निळसर' या अर्थाचा शब्द त्याच्या मुळाशी असावा, असे मानणारेही काही आहेत. व्युत्पत्ती कोणतीही असो, धुण्याशी या फुलाचा संबंध जुना आहे. मध्ययुगीन इंग्रजी भाषेत धोबिणीला जो शब्द होता, तो या फुलाच्या नावासारखाच उच्चारला जात असे. युरोपातील गृहिणी स्नानाच्या पाण्यात लव्हेंडर टाकीत. धुतलेल्या चादरींच्या घड्यांत वाळलेल्या मंजिऱ्यांच्या पुरचुंड्या ठेवीत. प्रोव्हान्समधील स्त्रिया ताज्या मंजिऱ्यांच्या लांब काड्या उलट्या दुमडून, त्यांतून रंगीत फीत आडवी-उभी विणून, चातीच्या आकाराचे सुबक गुच्छ तयार करीत आणि ते कपड्यांच्या कपाटात ठेवीत. लोकरी कपड्यांना कसर लागू नये, हा त्यामागील हेतू. आपल्याकडे धान्यात किंवा कपड्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतात, तोही याच हेतूने. मात्र कपड्यांत कसरीने आधीच अंडी घातली असतील, तर ती अशा पुरचुंडीने मरत नाहीत. कपडे झटकून, धुऊन आणि ऊन दाखवून ठेवणाऱ्या गृहिणीचे कपडे सुरक्षित राहत आणि त्याचे श्रेय पुष्कळदा फुलांना मिळे.

औषध म्हणून लव्हेंडरच्या जातीचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकात सापडतो. डायोस्कोरिडीज हा ग्रीक वैद्य रोमन साम्राज्यात राहत असे. वनौषधींवरील आपल्या ग्रंथात त्याने छातीच्या विकारांवर उपयोगी अशा एका वनस्पतीचे वर्णन केले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ स्टोइखाडीज नावाची बेटे होती. तेथे ती वाढत असे, म्हणून तिला त्याने बेटांचेच नाव दिले. ही प्रोव्हान्सच्या डोंगरातील लव्हेंडरची बहीण, किनाऱ्यालगत वाढणारी. पुढे अरब वैद्यांनी ग्रीक ग्रंथांची भाषांतरे केली, तेव्हा ते नाव अरबी जिभेवर वळून 'उस्तुखुद्दूस' झाले. त्या वैद्यांच्या परंपरेबरोबर ते भारतातही आले. युनानी हकीम आजही डोके जड होणे, सर्दी साचणे अशा तक्रारींवर उस्तुखुद्दूस देतात आणि त्याला मेंदूची केरसुणी असे मोठे मजेदार नाव आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बेटांचे नाव, उच्चार बदलत का होईना, भारतातील औषधांच्या दुकानातील बरणीवर येऊन बसले, ही भाषेच्या प्रवासाची एक गमतीची कथा आहे.

मध्ययुगात युरोपातील मठांच्या बागांत औषधी वनस्पती लावलेल्या असत. जर्मनीतील हिल्डेगार्ड या विदुषी मठाधिकारिणीने बाराव्या शतकात लव्हेंडरविषयी लिहिले, ते उवांवरील उपाय म्हणून. शतकानुशतके हीच वनस्पती कोणी डोकेदुखीवर वापरली, कोणी निद्रानाशावर, कोणी खरचटल्यावर. प्रोव्हान्समधील शिकारी तर आपल्या कुत्र्याला विषारी साप चावला, की रानातील लव्हेंडर चुरडून दंशावर चोळीत असे सांगतात. एखादा कुत्रा त्यानंतर वाचलाही असेल. साप प्रत्येक वेळी पुरेसे विष सोडतोच असे नाही, हे त्या शिकाऱ्याला ठाऊक नसावे. सर्पदंशावर खरा उपाय एकच. तो म्हणजे विलंब न लावता रुग्णालयात जाऊन प्रतिविषाचे इंजेक्शन घेणे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत लव्हेंडर हे रानातले फुकटचे धन होते. त्याला मोल आले ते ग्रास या गावामुळे. (आपल्या मराठीतील घासाशी या नावाचा काही संबंध नाही.) सोळाव्या शतकात ग्रास हे कातडी कमावण्याच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध होते. कमावलेल्या कातड्याला दुर्गंधी येते. श्रीमंत स्त्री-पुरुषांच्या हातमोज्यांना ती येऊ नये, म्हणून तेथील कारागीर हातमोजे सुवासिक करू लागले. कालांतराने हातमोज्यांचा धंदा बसला आणि सुवासाचा मात्र वाढला. दुर्गंधी झाकण्यासाठी आणलेली वस्तू त्या गावाची मुख्य संपत्ती झाली. ग्रासच्या परिसरातील अत्तरकलेचा २०१८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला.

ग्रासच्या कारखान्यांना लव्हेंडरचे तेल हवे होते आणि वरच्या डोंगरातील माणसांना पैसा हवा होता. तेथील परिस्थिती त्या काळी बिकट होती. पोट भरेना म्हणून तरुण माणसे खालच्या शहरांकडे निघून जात होती. त्यांनी टाकलेल्या शेतांत नांगर फिरेनासा झाला आणि त्या जागी रानलव्हेंडर पसरले. मागे राहिलेली कुटुंबे उन्हाळ्यात विळे घेऊन निघत. स्त्रिया आणि मुलेही त्यांत असत. पहाटेचे दव उडून गेल्यावर कापणी सुरू होई. डाव्या मुठीत मंजिऱ्या धरून उजव्या हाताने विळा चालवावयाचा आणि मूठ भरली की पाठीवरच्या किंवा कमरेच्या जाड्याभरड्या झोळीत टाकावयाची. उतारावर दिवसभर वाकून हे काम करणे सोपे नव्हते. फुलांवर मधमाश्यांचे थवे असत आणि त्याच झुडपांत माणसांचे हात असत. संध्याकाळी झोळ्या तोलून पैसे मिळत. शहरातील ज्या स्त्रीच्या रुमालावर या तेलाचे दोन थेंब पडत, तिला या झोळीची कल्पनाही नसे.

मंजिऱ्यांचा बोजा मोठा आणि त्यांतील तेल अगदी थोडे. अस्सल लव्हेंडरचे एक किलो तेल मिळवण्यासाठी शंभर किलोंहून अधिक मंजिऱ्या लागतात. एवढा भारा डोंगरातून खाली वाहून नेण्यापेक्षा तेल काढण्याचे साधनच वर नेणे शहाणपणाचे होते. म्हणून तांब्याच्या भट्ट्या गाड्यांवर घालून ओढ्याकाठी नेत आणि तेथेच चूल मांडीत. भट्टीच्या तळाशी पाणी, त्यावर जाळी आणि जाळीवर दाबून भरलेल्या मंजिऱ्या. पाणी उकळले की वाफ मंजिऱ्यांतून वर येते, ग्रंथी फुटतात आणि तेलाची वाफ पाण्याच्या वाफेत मिसळते. ही मिश्र वाफ थंड पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्या नळीतून जाते आणि तेथे तिचे पुन्हा द्रव होते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगते. ते अलगद काढून घेतात. खाली उरणाऱ्या पाण्यालाही मंद वास असतो आणि ते गुलाबपाण्यासारखे चेहरा धुण्यासाठी वापरतात. या सर्व क्रियेस ऊर्ध्वपातन म्हणतात. आपल्या उत्तर प्रदेशातील कनौज गावी गुलाबाचे आणि केवड्याचे अत्तर काढणारे कारागीर तत्त्वतः हेच करतात.

विसाव्या शतकात रानलव्हेंडरची रीतसर लागवड होऊ लागली आणि त्याच वेळी त्याला एक प्रतिस्पर्धीही उभा राहिला. डोंगराच्या मधल्या उंचीवर अस्सल लव्हेंडर आणि खालच्या भागातील रुंद पानांचे लव्हेंडर शेजारी शेजारी वाढतात. मधमाश्या एकाचे परागकण दुसऱ्यावर नेतात आणि त्यातून संकर जन्मतो. त्याला लव्हेंडिन म्हणतात. हा संकर बी धरत नाही; त्याची लागवड फाटे लावूनच करावी लागते. पण तो जोमदार आहे, खालच्या पठारावर वाढतो आणि अस्सल लव्हेंडरच्या कितीतरी पट तेल देतो. मात्र त्याच्या तेलात कापराचा अंश अधिक असल्यामुळे वास उग्र येतो. साबण आणि कपडे धुण्याच्या द्रव्यांत तो चालतो. उत्तम अत्तरात किंवा औषधात चालत नाही. चित्रांतून दिसणारे व्हालाँसोलच्या पठारावरील जांभळ्या फुलांचे अफाट पट्टे बहुतांशी या लव्हेंडिनचेच असतात.

लव्हेंडिनचे स्वस्त तेल महागड्या लव्हेंडरच्या नावाने विकण्याचा मोह व्यापाऱ्यांना न होता तरच नवल. यात नुकसान कोणाचे? विकत घेणाऱ्याचे तर झालेच, पण त्याहून अधिक उंच डोंगरात थोडेसेच तेल काढणाऱ्या शेतकऱ्याचे झाले. त्याच्या खऱ्या मालाला खोट्या मालाचा भाव मिळू लागला. अखेर १९८१ साली फ्रान्सच्या शासनाने 'वरच्या प्रोव्हान्सचे लव्हेंडर तेल' या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. ठरलेल्या प्रदेशात, समुद्रसपाटीपासून किमान ८०० मीटर उंचीवर, बियांपासून वाढवलेल्या अस्सल लव्हेंडरचेच तेल त्या नावाने विकता येते. रसायनशास्त्रज्ञ तेलातील घटकांचे प्रमाण मोजतात, विशेषतः कापराचे, आणि जाणकार वासानेही पारख करतात.

तेलाची पारख अशी करता येते. त्याच्या गुणांची पारख करणे अधिक अवघड असते. यासंबंधीची एक घटना जगभर सांगितली जाते आणि पुष्कळदा चुकीची सांगितली जाते.

ल्यों शहरात रने-मॉरिस गातफोसे नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या घराण्याचा सुगंधी द्रव्यांचा व्यवसाय होता. त्यांच्याविषयीची आख्यायिका अशी : प्रयोगशाळेत काम करताना त्यांचा हात भाजला. वेदनेने व्याकूळ होऊन त्यांनी तो जवळच्या एका भांड्यात बुडवला. त्या भांड्यात योगायोगाने लव्हेंडरचे तेल होते. दाह तत्काळ शमला, हात लवकर बरा झाला आणि त्यावर व्रणही राहिला नाही.

ही कथा ऐकावयास गोड आहे, परंतु खुद्द गातफोसे यांनी ती सांगितलेली नाही. सुगंधी तेलांच्या उपचारांवर त्यांनी १९३७ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात आपला अनुभव मोजक्या शब्दांत लिहिला. तो असा : १९१० सालच्या जुलैमध्ये प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि पेटती द्रव्ये त्यांच्या अंगावर उडाली. ती विझवण्यासाठी ते हिरवळीवर लोळले. पुढे दोन्ही हातांच्या जखमांना गॅस गँगरीन या भयंकर रोगाची बाधा झाली. या रोगात जखमेतील मांस कुजते, त्यात वायू साचतो आणि रोगी प्राणासही मुकतो. त्यांनी हात लव्हेंडरच्या तेलाने धुतले, तेव्हा वायू होण्याचे थांबले आणि दुसऱ्या दिवसापासून जखमा भरू लागल्या.

दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवून पाहावेत. आख्यायिकेत योगायोग आहे. मूळ वृत्तांतात आपले द्रव्य ओळखणाऱ्या माणसाने समजून केलेला उपाय आहे. आख्यायिकेत तेल भाजलेल्या ताज्या कातडीवर लागते. मूळ वृत्तांतात ते रोगजंतूंची बाधा झालेल्या जखमेवर लागते. हा फरक लहान नाही. त्या काळी जंतूंना मारणारी आजच्यासारखी औषधे नव्हती आणि लव्हेंडरच्या तेलात काही जंतूंना आवर घालण्याची शक्ती आहे, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. म्हणून गातफोसे यांचा अनुभव अशक्य कोटीतला नाही. तथापि तो एकाच माणसाचा अनुभव आहे. तेल लावले नसते तर काय झाले असते, हे पाहण्यास दुसरा गातफोसे नव्हता.

आख्यायिकेने केलेला अपाय मात्र उघड आहे. ती वाचून अनेक जण भाजलेल्या जागी तेल लावू लागले. आपल्याकडेही कोणी शाई लावतो, कोणी दात घासण्याची पेस्ट. वैद्यक सांगते ते इतकेच : भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या साध्या, थंड, वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ लावू नये, तेल लावू नये आणि भाजणे मोठे असेल तर डॉक्टरांकडे जावे. स्वयंपाकघरात कढईतील तेल हातावर उडाले असता हे पाणीच उपयोगी पडते.

मग लव्हेंडरने मन शांत होते, झोप चांगली लागते, हा जुना समज कितपत खरा? या प्रश्नाचा शोध घेताना संशोधकांपुढे एक विलक्षण अडचण उभी राहते. एखाद्या गोळीचा गुण तपासावयाचा असेल तर रोग्यांचे दोन गट करतात. एका गटाला खरी गोळी देतात, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देतात आणि कोणाला काय मिळाले हे रोग्यास कळू देत नाहीत. कारण औषध घेतल्याच्या विश्वासानेच पुष्कळांना बरे वाटू लागते. पण सुवास कसा लपवावयाचा? ज्याला लव्हेंडरचा वास आला त्याला ते कळतेच, आणि ज्याला आला नाही त्यालाही कळते. त्यामुळे वास घेऊन झोप सुधारल्याचे जे लहान लहान प्रयोग झाले आहेत, त्यांत फुलाचा गुण किती आणि विश्वासाचा किती, हे वेगळे करणे कठीण जाते.

जर्मनीतील संशोधकांनी यातून एक वाट काढली. त्यांनी लव्हेंडरचे शुद्ध तेल गिळण्याच्या कॅप्सूलमध्ये भरले. तुलनेसाठी दिलेल्या औषधहीन कॅप्सूललाही त्यांनी लव्हेंडरचा किंचित वास दिला, म्हणजे वासावरून भेद कळू नये. या प्रयोगांत खरी कॅप्सूल घेणाऱ्या प्रौढ रोग्यांची अस्वस्थता अधिक कमी झाली आणि त्या देशात हे औषध म्हणून मान्य झाले. युरोपीय संघाच्या औषधविषयक संस्थेने २०१२ साली दिलेला अभिप्राय अधिक सावध आहे. मानसिक ताणाची सौम्य लक्षणे कमी करण्यास आणि झोपेस साहाय्य म्हणून लव्हेंडर वापरता येईल. परंतु ही मान्यता दीर्घकालीन वापराच्या परंपरेवर आधारलेली आहे, पूर्ण सिद्ध झालेल्या पुराव्यावर नव्हे, असे ती संस्था सांगते. बारा वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असेही तिने स्पष्ट म्हटले आहे. उशीशेजारी ठेवलेली फुलांची पुरचुंडी ही एक गोष्ट. बाटलीतील अर्क ही दुसरी. शंभर किलो मंजिऱ्यांचा जोर ज्या एका किलोत एकवटला आहे, ते तेल लहान मुलाने प्यायल्यास विषासारखे बाधू शकते.

त्वचेच्या बाबतीतही असेच तारतम्य हवे. लव्हेंडरच्या सुवासाचा एक मुख्य घटक म्हणजे लिनलूल. तो काही दुर्मिळ पदार्थ नव्हे. आपल्या स्वयंपाकातील धन्यांचा वास बव्हंशी त्याचाच असतो. ताजे लिनलूल त्वचेला सहसा त्रास देत नाही. परंतु बाटलीचे बूच वारंवार उघडले, तेल महिनोन् महिने हवेच्या सान्निध्यात राहिले, की हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि नवे पदार्थ तयार होतात. त्या पदार्थांनी काही लोकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठते. एकदा शरीराने असा राग धरला की तो पुष्कळदा आयुष्यभर राहतो. म्हणूनच युरोपात विकल्या जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत लिनलूल ठरावीक प्रमाणाहून अधिक असेल, तर वेष्टनावर त्याचे नाव छापावे लागते. जुन्या काळच्या गृहिणी लव्हेंडर वापरीत ते पाण्यात उकळून, साबणात मिसळून, सौम्य करून. निर्भेळ तेल थेट चेहऱ्यावर चोळण्याची रीत त्यांची नव्हे.

प्रोव्हान्सच्या शेतांवर अलीकडे एक संकट आले आहे. अतिसूक्ष्म जंतूंमुळे होणाऱ्या एका रोगाने झुडपे अकाली वाळतात. तुडतुड्यासारखा एक लहान कीटक हा रोग एका झुडपावरून दुसऱ्यावर नेतो आणि त्या कीटकाची पिले झुडपाच्या मुळांशीच वाढतात. उन्हाळे अधिक कोरडे होत चालल्यामुळे झुडपांची सहनशक्तीही घटली आहे. रोगमुक्त रोपे तयार करून लावणे हा उपाय शेतकरी योजतात. दरम्यान बल्गेरिया देशाने तेलाच्या उत्पादनात मोठी आघाडी घेतली.

भारतातही आता लव्हेंडर पिकते. जम्मू-काश्मीरच्या दोडा जिल्ह्यात भद्रवाह नावाचे खोरे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंची, थंड हवा आणि उतरती जमीन यांमुळे या झुडपाला तेथे आपले माहेर सापडल्यासारखे झाले. येथील शेते लहान लहान तुकड्यांची आहेत आणि पूर्वी त्यांत बहुधा मका घेत असत. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या जम्मू येथील संस्थेने शेतकऱ्यांना लव्हेंडरची रोपे दिली, लागवड शिकवली आणि तेल काढण्याच्या भट्ट्या उभारून दिल्या. आरंभी शेतकरी कचरले. मका नाही विकला तर निदान खाता तरी येतो. फुले कोण खाणार, अशी शंका येणे साहजिक होते. ज्यांनी धाडस केले त्यांना मक्याहून चांगला पैसा मिळाला, तेव्हा शेजाऱ्यांनीही रोपे मागितली. या बदलाला 'जांभळी क्रांती' असे नाव पडले आणि २०२२ साली भद्रवाह येथे लव्हेंडरचा पहिला उत्सव भरला.

भद्रवाहमध्ये जून-जुलैत मंजिऱ्यांची कापणी होते. विळ्याने मुठी कापावयाच्या, भारे बांधावयाचे, ते भट्टीकडे न्यावयाचे आणि वेटोळ्या नळीच्या तोंडाशी थेंब थेंब जमणाऱ्या तेलाकडे पाहत बसावयाचे, हा क्रम प्रोव्हान्सच्या ओढ्याकाठी चाले तसाच येथेही चालतो. कापणी उरकली, की शेतात झुडपांचे करडे-हिरवे गोल तेवढे राहतात. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ पडते. उन्हाळ्यात ती पुन्हा फुलतात आणि एकदा लावलेले झुडूप नीट निगा राखल्यास दहा-बारा वर्षे शेतकऱ्याला मंजिऱ्या देत राहते.

स्वाध्याय

१. वाळलेल्या मंजिरीचा वास का टिकतो?
२. 'उस्तुखुद्दूस' या शब्दाचा प्रवास तुमच्या शब्दांत लिहा.
३. गातफोसे यांच्याविषयीची आख्यायिका आणि त्यांचा स्वतःचा वृत्तांत यांत कोणकोणते फरक आहेत? त्यांपैकी कोणता तुम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, ते कारण देऊन सांगा.
४. सुवासाचा गुण तपासणे गोळीचा गुण तपासण्यापेक्षा कठीण का आहे?
५. तुमच्या घरी भाजल्यावर, खरचटल्यावर किंवा सर्दी झाल्यावर कोणते उपाय करतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा. त्यांतील कोणते उपाय डॉक्टरांनाही मान्य आहेत, याची माहिती मिळवा.